हृदय बंद पडलं आणि १०८ अजून वाटेत आहे

विदर्भातल्या बहुतेक गावांत रुग्णवाहिका दहा मिनिटांत पोचत नाही. फाट्यापासून सात-आठ किलोमीटर आत असलेलं गाव, पावसाळ्यात नाल्याला आलेला पूर, मेळघाटातला किंवा एटापल्ली-भामरागडकडचा टोला असेल तर तासही लागतो. आणि हृदय थांबल्यावर कुणीच काही केलं नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणजे डॉक्टर आणि गाडी येईपर्यंतचं काम गावातल्याच हातांनी करायचं आहे. ते हातांनी होतं, याचा मोठा पुरावा डेन्मार्कमध्ये आहे. तिथं २००१ मध्ये अशा रुग्णांपैकी साधारण २१ टक्क्यांना आजूबाजूच्या माणसांकडून सीपीआर (छाती दाबून आणि लागेल तसा श्वास देऊन रक्त फिरतं ठेवणं) मिळत होता. लोकांना शिकवल्यावर २०१० मध्ये हे प्रमाण ४५ टक्क्यांवर गेलं. महिनाभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण त्याच काळात ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर पोचलं. उपचारांतल्या इतर सुधारणाही त्या दहा वर्षांत झाल्या, पण लोकांचे हात हा त्यातला मोठा भाग होता.

शहरासाठी लिहिलेल्या माहितीत एक गोष्ट बहुधा राहून जाते. शहरात मोठा माणूस अचानक कोसळला तर कारण बहुतेक वेळा हृदयाचंच असतं. अशा वेळी रक्तात काही मिनिटांपुरता प्राणवायू शिल्लक असतो, म्हणून नुसती छाती दाबली तरी चालतं. इंडियन रिससिटेशन कौन्सिलनं २०१७ साली सामान्य नागरिकांसाठी नुसत्या छातीदाबाची पद्धत मांडली ती याच विचारानं. आपल्याकडे हृदयविकार आहेच, पण त्याबरोबर शेततळ्यात बुडणं, मोटारपंपाचा करंट, अंगावर पडलेली वीज, मण्यार आणि फवारणीचं विषही आहे. यातल्या बऱ्याच प्रसंगांत आधी श्वास बंद पडतो आणि हृदय त्याच्या मागून थांबतं. तिथं रक्तातला प्राणवायू आधीच संपलेला असतो, म्हणून श्वास द्यावाच लागतो. माणूस कशानं पडला, हे म्हणूनच पहिल्या काही सेकंदांत लक्षात घ्यायचं.

ओळखायला दहा सेकंद

आधी जागा बघा: खाली वायर आहे का, गाडी येते आहे का, मधमाश्या उठल्या आहेत का. मग दोन्ही खांद्यांवर जोरात थापटा आणि कानाशी मोठ्यानं हाक मारा, "काका, काय झालं? डोळे उघडा!" प्रतिसाद नसेल तर छाती आणि पोट हलतंय का ते बघा, दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं पुरेसं आहे. नाडी शोधत बसू नका. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटांतले ठोके जाणवतात आणि त्यात मिनिट जातं.

सगळ्यात जास्त फसवणूक आचक्यांमुळे होते. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं पुष्कळ रुग्ण आचके देतात. खालचा जबडा पडतो, तोंड उघडतं, मानेचे स्नायू ताणले जातात, घोरल्यासारखा किंवा घरघर असा आवाज येतो आणि मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा एक आचका. भोवतीचे लोक म्हणतात, "श्वास चालू हाये, थांबा जरा." तो श्वास नाही. त्यातून फुप्फुसात उपयोगाची हवा जात नाही. आचके म्हणजे मेंदू अजून पूर्ण गेलेला नाही, आत्ता दाबायला सुरुवात केली तर संधी चांगली आहे.

दुसरी चूक मिरगीची. हृदय थांबताक्षणी मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही सेकंद हातपाय झटकतात. मग कुणी कांदा फोडतो, कुणी चप्पल हुंगवतो, कुणी दातखिळी सोडवायला चमचा घालतो. खरी मिरगी असेल तर झटके थांबल्यावर माणूस जोरजोरात, सलग श्वास घेऊ लागतो. झटके थांबले आणि छातीही थांबली, तर दाबायला लागा.

कांदा, तोंडावर पाणी, तळव्यांना तेल, तोंडात साखर किंवा पाणी, यातलं काहीही नको. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी थेट श्वासनलिकेत जातं. छातीत कळ आल्यावर जोरजोरात खोकत राहायचं, हा व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरणारा सल्लाही खोटा आहे. त्या वेळेत १०८ ला फोन करता आला असता.

शंका राहिली तरी सुरू करा. हृदय चालू असलेल्या माणसाची छाती चुकून दाबली गेली तर छाती दुखेल, क्वचित बरगडीला तडा जाईल. बंद असताना दाबली नाही तर माणूस जाईल.

पहिल्या मिनिटातली वाटणी

गावात कुणी पडलं की वीस माणसं जमतात. ही गावाची ताकद आहे, पण कामं वाटली नाहीत तर सगळे भोवती उभे राहून वारा अडवतात. जो जवळ आहे त्यानं दाबायला सुरुवात करायची आणि तोंडानं हुकूम सोडायचे, नाव घेऊन किंवा बोट दाखवून. "कुणीतरी फोन करा" म्हटलं की कुणीच करत नाही.

एकानं १०८ लावायचा आणि स्पीकरवर ठेवायचा. १०८ लागत नसेल तर ११२. सांगण्याचा क्रम: जिल्हा, तालुका, गाव, कोणत्या फाट्यावरून आत, जवळची खूण, आणि "माणूस बेशुद्ध आहे, श्वास नाही, छाती दाबतो आहोत." पलीकडून फोन ठेवेपर्यंत आपण ठेवायचा नाही. रेंज एखाद्या टेकाडावर किंवा पाण्याच्या टाकीजवळच येत असेल, तर फोनवाल्यानं तिकडे पळायचं आणि निरोप देऊन परत यायचं. दुसऱ्यानं मोटारसायकल घेऊन फाट्यावर थांबायचं, रात्री हेडलाइट लावून. रुग्णवाहिका चुकीच्या रस्त्यानं गेली तर दहा मिनिटं जातात. तिसऱ्यानं आशाताई, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी आणि गावात एईडी (हृदयाची लय तपासून शॉक देणारं यंत्र) असेल तर तो आणायचा. चौथ्यानं घड्याळ बघायचं: माणूस कधी पडला, दाबणं कधी सुरू झालं, शॉक किती दिले, हे कागदावर किंवा हातावर लिहायचं. पुढं दवाखान्यात याच वेळांवर निर्णय होतात.

दाबणं

रुग्णाला बाजेवर, खाटेवर किंवा गादीवर ठेवून दाबू नका. बाजेची सुतळी किंवा नवार खाली जाते, दाबणाऱ्याला वाटतं पाच सेंटीमीटर गेलं, प्रत्यक्षात छाती दोनच सेंटीमीटर दबलेली असते. खाली सपाट, कडक जमिनीवर घ्या. वावरात नांगरलेली भुसभुशीत जमीन असेल तर धुऱ्यावर किंवा बैलगाडीच्या वाटेवर आणा. दोन माणसं असली तर हे पाच सेकंदांचं काम आहे.

रुग्णाच्या बाजूला गुडघे टेका. एका तळव्याची टाच छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवा. सर्वसाधारण माणसात ही जागा दोन स्तनाग्रांच्या मधोमध येते. त्याखाली, पोटाशी जे मऊ टोक लागतं, तिथं दाबायचं नाही. यकृत फाटू शकतं. दुसरा हात पहिल्यावर ठेवा, बोटं गुंतवून वर उचला, म्हणजे जोर बरगड्यांवर न जाता हाडावर जातो. कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. जोर दंडातून काढला तर अर्ध्या मिनिटात माणूस दमतो. कमरेतून झुकून शरीराचं वजन टाकलं तर दोन मिनिटं निभतं.

खोली किमान ५ सेंटीमीटर, ६ च्या पुढं नाही. वेग मिनिटाला १०० ते १२०. भारतीय पद्धतीत १२० सांगितला आहे. तपासायची सोपी खूण: तीस दाब १५ ते १८ सेकंदांत व्हायला हवेत. मोबाइलवर ठरलेल्या वेगानं टिकटिक करणारं मेट्रोनोमचं ॲप मिळतं, ११० वर लावून ठेवा. घाबरलेल्या माणसाचा वेग १४० पर्यंत जातो आणि मग खोली कमी होते, कारण छातीला वर यायला वेळच मिळत नाही.

वर येऊ देणं हे दाबण्याइतकंच महत्त्वाचं आहे. दाबल्यावर रक्त हृदयातून बाहेर जातं, सोडल्यावर परत भरतं आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांनाही रक्त प्रामुख्यानं सोडण्याच्या क्षणीच मिळतं. दमलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो. बाजूच्यानं बघायचं: दाबणाऱ्याचा तळवा त्वचेला टेकलेला आहे पण वजन पूर्ण उचललं जातंय का? नसेल तर मोठ्यानं "सोडा, पूर्ण सोडा" म्हणायचं.

दर दोन मिनिटांनी माणूस बदला, तो कितीही म्हणाला की अजून जोर आहे तरी. दमल्याचं दाबणाऱ्याला कळण्याआधीच खोली कमी झालेली असते. बदल करताना नवा माणूस आधीच समोरच्या बाजूला गुडघे टेकून हात तयार ठेवेल, "आता" म्हटलं की पहिल्यानं हात काढायचे, दुसऱ्यानं ठेवायचे. कोणत्याही कारणानं दाबणं दहा सेकंदांहून जास्त थांबता कामा नये. दाबणं थांबलं की तयार झालेला रक्तदाब लगेच कोसळतो आणि पुन्हा चढायला बरेच दाब लागतात.

पहिल्या मिनिटात बरगडी मोडल्याचा कट्ट असा आवाज येऊ शकतो, वयस्कर माणसात तर हमखास. लोक तिथंच थबकतात. हाताची जागा बरोबर आहे का बघा आणि चालू ठेवा. बरगडी सहा आठवड्यांत जुळते.

बाईमाणूस पडली की हात मागं येतात, अनेक देशांतल्या नोंदींतही स्त्रियांना सीपीआर कमी मिळतो असं दिसतं. दाबायला कपडे काढावे लागत नाहीत. पदर बाजूला करून ब्लाउजवरून दाबा, मंगळसूत्र मानेकडे सरकवा. एईडी लावताना मात्र छाती उघडी करावीच लागते. तेव्हा दोन बायांनी लुगड्याचा किंवा चादरीचा आडोसा धरावा. गरोदर बाई असेल आणि गर्भाशय बेंबीपर्यंत किंवा वर आलं असेल, तर एकानं पोट दोन्ही हातांनी रुग्णाच्या डाव्या बाजूला ढकलून धरायचं. नाहीतर गर्भाशयाच्या वजनानं मोठी शीर दबते आणि हृदयात रक्तच परत येत नाही.

ही पद्धत आली कुठून, हे वायरमन मंडळींना मुद्दाम सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत वीज कंपन्यांचे लाइनमन शॉकनं मरत होते, म्हणून सुरू झालेल्या संशोधनात विल्यम कोवेनहोवेन हे विद्युत अभियंते होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांनी ज्यूड आणि निकरबॉकर यांच्यासोबत बाहेरून छाती दाबण्याची पद्धत १९६० साली प्रसिद्ध केली.

श्वास कधी आणि कसा

मोठा माणूस बसल्याजागी कोसळला, आधी छातीत कळ होती, घाम होता, तर सुरुवात नुसत्या दाबानं करा. श्वास देता येत असेल तर ३० दाब आणि २ श्वास असं चक्र चालवा. येत नसेल तर न थांबता दाबत राहा. लहान मूल, बुडालेला, वीज पडलेला, साप चावलेला, घशात घास अडकलेला माणूस असेल तर श्वास हवाच.

कपाळावर एक हात ठेवून डोकं मागं झुकवा, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी हनुवटीचं हाड उचला. बेशुद्ध माणसाची जीभ मागं पडून वाट बंद करते, यानं ती मोकळी होते. नाक चिमटीत धरा, तोंडावर तोंड घट्ट बसवा आणि एक सेकंदभर फुंका, छाती वर येताना दिसेल इतकंच. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते, उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. छाती वर आली नाही तर डोकं पुन्हा झुकवून एकदाच प्रयत्न करा आणि दाबायला परत या. झडप असलेला पॉकेट मास्क उपकेंद्रात आणि आशाताईंच्या पिशवीत असायला हवा. तोंड लावायची कचर त्यामुळे जाते. अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) असेल तर दोन माणसं हवीत, एकानं दोन्ही हातांनी मास्क चेहऱ्यावर दाबून धरायचा, दुसऱ्यानं पिशवी दाबायची, अर्ध्यापेक्षा कमीच.

मुलांमध्ये छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत दाबायचं, म्हणजे साधारण ५ सेंटीमीटर, एका हातानं पुरत असेल तर एकाच. वर्षाच्या आतल्या बाळाला साधारण ४ सेंटीमीटर, दोन्ही हातांनी छाती कवेत घेऊन दोन अंगठ्यांनी किंवा एका तळव्याच्या टाचेनं. दोन बोटांनी दाबायची जुनी पद्धत अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२५ मध्ये बाजूला ठेवली, कारण तिच्यात पुरेशी खोली मिळत नाही. बाळाचं तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडात घ्या, गालात मावेल एवढीच हवा सोडा. दोन जाणकार असतील तर मुलांसाठी १५ दाबांना २ श्वास.

कारणाप्रमाणे काय बदलतं

*पाणी.* भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांत माणसं बुडतात, तशीच आता शेततळ्यांतही. तळ्याचं प्लास्टिक अस्तर ओलं झालं की पोहता येणारा माणूसही चढून वर येऊ शकत नाही, आणि वाचवायला उतरलेला दुसराही अडकतो. प्रत्येक शेततळ्याच्या चारही बाजूंना खुंट्याला बांधलेला, हातभर अंतरावर गाठी मारलेला दोर आणि झाकण घट्ट लावलेला वीस लिटरचा रिकामा कॅन हवा. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं, गोल फिरवणं हे सगळं बंद. फुप्फुसात गेलेलं पाणी त्यानं निघत नाही, पोटातलं मात्र वर येऊन श्वासनलिकेत जातं. आधी ५ श्वास, मग ३० दाब, २ श्वास. तोंडातून फेस येत राहील, तो पुसत बसू नका, फेसावरूनच श्वास द्या. उलटी आली तर कुशीवर वळवा, बोटानं दिसणारं काढा, परत पाठीवर.

*करंट.* आधी पुरवठा तोडा. मोटारपंपाला ऑटो स्विच असेल तर नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही, लाइट गेलेली परत आली की मोटार आपोआप सुरू होते. मेन स्विच पाडा आणि किटकॅट फ्यूज उपसून खिशात ठेवा. पुरवठा लगेच तोडता येत नसेल आणि घरगुती किंवा पंपाची लाइन असेल, तर कोरड्या लाकडी फळीवर उभं राहून कोरड्या बांबूनं वायर बाजूला करता येते. खांबावरची ११ केव्हीची तार तुटून पडली असेल तर बांबूही चालणार नाही. दहा मीटर लांब थांबा, १९१२ वर महावितरणला लाइन बंद करायला सांगा. ओल्या वावरात तर याहूनही लांब. डुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या करंटचंही हेच. पुरवठा तुटला की लगेच दाबायला लागा. करंटनं हृदय बहुतेक वेळा थरथरत राहतं आणि एईडीचा शॉक त्याला परत लयीत आणू शकतो. हे बहुतांशी तरुण कास्तकार असतात, हृदय निरोगी असतं, म्हणून प्रयत्न लवकर सोडू नका.

*वीज.* वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, लगेच हात लावता येतो. मातीत किंवा शेणात पुरून ठेवल्यानं काहीही उतरत नाही, छाती मात्र हलेनाशी होते. झाडाखाली चार माणसं पडली असतील तर इतर अपघातांच्या उलट करायचं. जे ओरडताहेत ते बहुतेक वाचतील, जे निपचित आहेत त्यांच्याकडे आधी जा. विजेनं थांबलेलं हृदय कधी कधी स्वतःहून सुरू होतं, पण श्वासाचं केंद्र बधिर राहतं. श्वास दिला नाही तर हृदय दुसऱ्यांदा थांबतं.

*मण्यार.* हिच्यासाठी सगळं गणित वेगळं आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश दुखतही नाही, खूण दिसतही नाही. पहाटे पोट दुखतं, घसा धरतो, मग पापण्या जड होऊन खाली येतात, मान सावरत नाही, थुंकी गिळता येत नाही. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. विष स्नायूंना बांधून टाकतं. माणूस आतून शुद्धीवर असू शकतो, बोलू शकत नाही, डोळे उघडू शकत नाही. बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात आणि टॉर्च मारली तरी आकसत नाहीत, म्हणून "गेला" असं समजलं जातं. तो गेलेला नसतो. कुणीतरी त्याच्यासाठी श्वास घेत राहिलं तर तो पूर्ण बरा होऊ शकतो. दर सहा सेकंदांना एक श्वास, मास्कनं किंवा अंबू बॅगनं, दवाखान्यापर्यंत, वाटेत खंड न पडू देता. इथं जागीच थांबायचं नाही. पापणी झुकली की मांत्रिकाकडे वेळ न घालवता गाडी काढा, रुग्णाला कुशीवर ठेवा, आणि प्रतिविष तसंच व्हेंटिलेटर असलेल्या दवाखान्यात आधी फोन करून जा.

*फवारणी.* २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करणाऱ्या अनेक शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, काही दगावले. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि छातीत घरघर दिसली तर ऑर्गनोफॉस्फरस औषध समजा. इथं तोंडाला तोंड लावू नका, पॉकेट मास्क किंवा अंबू बॅगच. हातमोजे घाला, कपडे कापून काढा, अंग साबणपाण्यानं धुवा, पण श्वास बंद असेल तर धुण्यासाठी दाबणं थांबवू नका. उलटी करवू नका. औषधाचा डबा लेबलासकट सोबत द्या.

एईडी

यंत्र आलं की दाबणं चालू ठेवूनच ते उघडा आणि बटण दाबा, पुढचं ते बोलून सांगतं. एक पॅड उजव्या कॉलरबोनच्या खाली, दुसरं डाव्या काखेच्या खाली कुशीवर. मे महिन्यात घामानं पॅड चिकटत नाही, कोरड्या दुपट्ट्यानं छाती पुसा. केस दाट असतील तर रेझर फिरवा, ताईत सरकवा, कातडीखाली पेसमेकरचा उंचवटा असेल तर त्याच्यावर पॅड नको. यंत्र लय तपासत असताना आणि शॉक देताना कुणाचाही हात नको. शॉक झाला की नाडी न बघता लगेच दाबा. "शॉकची गरज नाही" असं ऐकलं की लोक सुटकेचा श्वास टाकतात किंवा आशा सोडतात. दोन्ही चूक. त्याचा अर्थ एवढाच की आत्ताची लय शॉकनं सुधारणारी नाही. दाबत राहा, दोन मिनिटांनी यंत्र पुन्हा तपासेल.

प्राथमिक आरोग्य केंद्रात एईडी असेल तर माणसाला तिकडे उचलून नेण्यापेक्षा मोटारसायकलवर यंत्र माणसाकडे आणा. चालत्या बोलेरोत किंवा काळीपिवळीत दाब उथळ होतात आणि दाबणाराही पडतो. रुग्णवाहिका येणारच नाही असं कळलं तर आमचा सल्ला असा: आधी जागेवर दहा मिनिटं पूर्ण ताकदीनं सीपीआर, मग सपाट तळाची गाडी, रुग्ण सीटवर नाही तर तळावर, आणि वाटभर दाबणं चालू.

थांबायचं तीनच प्रसंगी: माणूस हलला किंवा नीट श्वास घेऊ लागला, रुग्णवाहिकेतल्या लोकांनी ताबा घेतला, किंवा दाबणाऱ्या कुणातच बळ उरलं नाही. श्वास परत आला तर कुशीवर ठेवा, पॅड काढू नका, नजर छातीवरच ठेवा. पहिल्या काही मिनिटांत हृदय पुन्हा थांबू शकतं.

दवाखान्यात पुढं काय होतं

रुग्णवाहिकेत आणि ग्रामीण रुग्णालयात शॉक, श्वासाची नळी आणि दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम ॲड्रिनॅलिन (हृदय सुरू व्हावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध), हे मुख्य. ॲड्रिनॅलिनबद्दल अपेक्षा माफक ठेवलेली बरी. ब्रिटनमध्ये ८ हजारांवर रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत महिनाभर जगणारे २.४ वरून ३.२ टक्क्यांवर गेले, पण मेंदू शाबूत राहून घरी गेलेल्यांत ठोस फरक पडला नाही. शरीराबाहेरच्या यंत्रातून रक्त फिरवण्याचा एक्मो उपचार निवडक रुग्णांना निवडक शहरी केंद्रांत मिळतो. गावासाठी त्यावर विसंबता येत नाही.

गावाकडच्या रुग्णाला खरा उपयोग होईल असा बदल तापमानाबद्दलचा आहे. पूर्वी रुग्णाला ३३ अंशांपर्यंत थंड करायचे. २०१३ आणि २०२१ च्या मोठ्या चाचण्यांत त्याचा जास्तीचा फायदा दिसला नाही, पण ताप चढू द्यायचा नाही हे पक्कं राहिलं. बेशुद्ध रुग्णाचं तापमान ३७.५ अंशांच्या वर जाऊ न देणं हे छोट्या रुग्णालयातही जमतं: पॅरासिटामॉल, कूलर, ओली चादर, काखेत-जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या मे महिन्यात वॉर्डच तापलेला असतो, तेव्हा नातेवाइकांनी हे विचारून घ्यावं.

हृदय सुरू झाल्यावर आठ-दहा मिनिटांनी ईसीजी निघतो. अगदी लगेच काढलेला फसवा असू शकतो. त्यात हृदयविकाराचा मोठा झटका दिसला तर नागपूर, सेवाग्राम, सावंगी, अकोला अशा ठिकाणी न्यावं लागतं. मेंदू कितपत वाचला याचा निर्णय ७२ तासांच्या आत कुणी पक्का सांगत असेल तर थांबायला सांगा. झोपेची औषधं उतरायलाच वेळ लागतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा.

घरी आल्यावर विसराळूपणा, चिडचिड, झोप न लागणं, पटकन थकणं महिनोन्‌महिने राहू शकतं. ते नाटक नाही, मेंदूला आणि मनाला बसलेला मार आहे. हृदयाच्या डॉक्टरांना सांगा. चाळिशीच्या आत कारण न सापडता हृदय थांबलं असेल तर सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचाही ईसीजी काढून घ्या.

गावाची तयारी

एईडीची बॅटरी आणि पॅड यांवर मुदतीची तारीख असते, पॅडची साधारण दोन वर्षं. बहुतेक यंत्रं ५० अंशांपर्यंतचं तापमान सोसतात, पण उन्हात उभी गाडी आणि टिनाचं बंद खोपटं त्याच्यावर जातं आणि पॅडचा जेल वाळतो. यंत्र कुलूपबंद ग्रामपंचायतीत ठेवलं तर रात्री निरुपयोगी. ज्या पक्क्या घरात चोवीस तास माणूस असतो, तिथं ओसरीवर आतल्या बाजूला ठेवा. सोबत कात्री, रेझर, कोरडा टॉवेल, हातमोजे, पॉकेट मास्क.

शिकलेलं सीपीआर तीन ते सहा महिन्यांत विसरायला होतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला गावात ग्रामसभा असतेच. त्याच दिवशी अर्धा तास काढून सराव घ्या, पॅडची तारीख आणि यंत्रावरचा हिरवा दिवा तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून सीपीआरच्या सरावाचा पुतळा मागवा. तो नसेल तर घट्ट गुंडाळलेल्या सतरंजीवर निदान ताठ कोपरं, वेग आणि दोन मिनिटांची अदलाबदल तरी बसते, खोली मात्र पुतळ्यावरच शिकावी लागते. सरावात एकानं मोबाइलवर वेळ लावायची: माणूस पडल्यापासून पहिल्या दाबापर्यंत किती सेकंद, आणि एईडी छातीवर चिकटेपर्यंत किती मिनिटं. पहिला आकडा मिनिटाच्या आत हवा. दुसरा पाच मिनिटांच्या वर जात असेल तर यंत्र ठेवायचं घर बदला.